उल्हास उत्तरेला का वाहते? आपल्या नद्यांचे उगम, त्यांच्या दिशा आणि आपली शेती



२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान, चामटोली गावाच्या परिसरात, पुराच्या पाण्यात अडकून पडली. हजारावर प्रवासी रात्रभर गाडीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना बोटींच्या साहाय्याने बाहेर काढण्यात आले. या घटनेची छायाचित्रे देशभर गेली. रुळांच्या दोन्ही बाजूंना त्या वेळी जी भातखाचरे पाण्याखाली होती, त्यांचा उल्लेख मात्र फारसा कोठे आला नाही. लावणी होऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झालेले ते भात होते.

त्यानंतर काही दिवसांनी ग्रामीण कृषि कार्यानुभव कार्यक्रमाच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही त्या भागात गेलो होतो. बांधावर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने आम्हाला विचारले, "साहेब, समुद्र आमच्या पश्चिमेला. मग ही उल्हास नदी सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेला का धावते? सरळ गेली असती तर आमच्या शेतात कशाला थांबली असती?" विद्यार्थी हसले. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. आपल्या नद्या कोठे उगम पावतात आणि कोणत्या दिशेने का वाहतात, हे नीट समजले तर आपल्या शेतात पूर कोठून येतो, उन्हाळ्यात पाणी कोठून मिळते आणि ते कोणाच्या हातात आहे, हेही समजते. म्हणून या लेखात त्या आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबून, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यापासून, देण्याचा प्रयत्न केला आहे.

आढ्यावर पडलेला पाऊस

कौलारू घराचे आढे डोळ्यांसमोर आणा. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब पुढच्या पागोळीला येतो, पलीकडे पडलेला मागच्या पागोळीला जातो. दोन थेंबांमध्ये पडताना एका बोटाचे अंतर असते, पण अंगणात ते घराच्या दोन बाजूंना पोहोचतात. सह्याद्री हे महाराष्ट्राचे आढे आहे. यालाच शास्त्रीय भाषेत जलविभाजक असे म्हणतात.

मात्र या घराचे दोन्ही उतार सारखे नाहीत. पश्चिमेचा, म्हणजे कोकणाकडचा उतार आखूड आणि जवळजवळ उभा आहे. पूर्वेचा उतार लांबलचक आणि अत्यंत मंद आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. पुढे पश्चिम किनाऱ्याकडचा भाग खचला आणि पठार पूर्वेकडे कलते राहिले. त्यामुळे गोदावरी, कृष्णा, कावेरी या दक्षिणेतील मोठ्या नद्या पश्चिम समुद्राच्या अगदी जवळ जन्मतात आणि त्याच्याकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतात. गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर आहे. पण गोदावरी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. कृष्णेचा उगम महाबळेश्वरला आहे, समुद्रापासून ६४ किलोमीटरवर. तीही सुमारे १,४०० किलोमीटर वाहते.

उत्तर भारतातील नद्यांची गोष्ट वेगळी आहे. गंगा गंगोत्री हिमनदीच्या गोमुखापासून निघते, सिंधू आणि ब्रह्मपुत्रा तिबेटात कैलास-मानसरोवराच्या परिसरातून निघतात. त्यांना बर्फाचे पाणी मिळते, म्हणून उन्हाळ्यातही त्या वाहतात. आपल्या नद्यांना बर्फाचा आधार नाही. चार महिन्यांचा पाऊस आणि जमिनीत मुरलेले पाणी, एवढीच त्यांची पुंजी. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे उल्हास नदीच्या बाबतीत एक आश्चर्य सांगावयाचे आहे.

एकाच गावातून दोन दिशांना

आढ्याचा हा नियम पाहण्यास महाबळेश्वरसारखे दुसरे ठिकाण नाही. तेथे कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. पैकी सावित्री पश्चिमेला उतरते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. बाकीच्या पूर्वेच्या. त्यांतही कोयनेचे वागणे पाहण्यासारखे आहे. ती थेट पूर्वेला जात नाही. सह्याद्रीला समांतर अशी दक्षिणेला वाहत राहते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला भेटते. असे का? कारण तिच्या पूर्वेला डोंगराची दुसरी रांग आडवी आहे. ती संपेपर्यंत कोयनेला वळायला वावच नाही. चामटोलीच्या आजोबांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच आहे.

वैतरणा नदीही त्र्यंबकेश्वरच्याच परिसरात, गोदावरीच्या उगमाजवळ जन्मते आणि पश्चिमेला जाते. मुंबईला पिण्याचे पाणी देणाऱ्या नद्यांपैकी ही एक. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन बाजूंच्या पाण्यापैकी एक पैठणला जाते, दुसरे मुंबईच्या नळाला येते.

विदर्भ, खानदेशच्या वाचकांसाठी मुलताईचे उदाहरण जवळचे वाटेल. मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यातील मुलताई हे तापीचे उगमस्थान. तापी तेथून पश्चिमेला निघते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. त्याच मुलताईच्या डोंगराळ भागात वर्धा नदीही उगम पावते. पण ती आग्नेयेला जाते, वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाऊन पूर्व समुद्राला पोहोचते. अमरकंटकला उगम पावणारी नर्मदा आणि तापी या दोन्ही नद्या पठाराच्या कलाविरुद्ध पश्चिमेला का वाहतात, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. त्या खचदरीतून, म्हणजे जमीन खचून तयार झालेल्या लांबट सखल पट्ट्यातून वाहतात. चाकोरीत सापडलेली बैलगाडी शेत कसेही उताराचे असले तरी चाकोरीनेच जाते, तसा हा प्रकार आहे.

महाराष्ट्राचे जवळजवळ निम्मे क्षेत्र गोदावरीच्या खोऱ्यात येते. त्याखालोखाल कृष्णा आणि तापी. कोकणातील पश्चिमवाहिनी नद्यांच्या वाट्याला राज्याचे एक दशांशाच्या आसपासच क्षेत्र येते, परंतु राज्यात उपलब्ध होणाऱ्या पाण्यापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी याच नद्यांतून वाहते. आणि ते वाहते कसे? डोंगराच्या कड्यावरून उडी मारून, काही तासांत किंवा फार तर दिवस-दोन दिवसांत खाडीला. कोकणात पाऊस भरपूर असूनही फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसतो, त्याचे मूळ या आखूड उतारात आहे.

उल्हास : डोंगराच्या कुशीतून उत्तरेला

आता आपल्या नदीकडे येऊ. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरातील सह्याद्रीच्या दऱ्यांत उगम पावते. तिची लांबी अवघी १२२ किलोमीटर. घाटमाथ्यावरून ती कोकणात उतरते ती कर्जतच्या बाजूला. येथपर्यंत सर्व नियमाप्रमाणे आहे. पण कर्जतच्या पश्चिमेला माथेरानचा डोंगर उभा आहे, आणि तो एकटा नाही. त्याच्या उत्तरेला पेब, नाखिंड, चंदेरी, तावली, मलंगगड अशी रांग अंबरनाथ-कल्याणच्या दिशेने गेलेली आहे. पूर्वेला सह्याद्रीचा कडा, पश्चिमेला ही रांग. दोन उंच बांधांमधल्या पाटासारखी उल्हास मध्ये सापडते आणि नेरळ, वांगणी, चामटोलीचा परिसर, बदलापूर अशी उत्तरेला आणि वायव्येला सरकत राहते. कल्याणच्या सुमारास डोंगर संपतो तेव्हा कोठे तिला पश्चिम मोकळी मिळते. मग ती खाडीचे रूप घेऊन ठाण्याच्या उत्तरेकडून घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जाते. नदी समुद्राचा शोध घेत नसते, ती केवळ उतार शोधते. कोयना दक्षिणेला आणि उल्हास उत्तरेला, दोघींचे कारण एकच.

वाटेत तिला पेज, पोशीर, चिल्हार, बारवी अशा नद्या मिळतात. काळू आणि भातसा यांचे पाणीही कल्याणच्या आसपास तिच्यात येते. शेजारच्या उल्हासनगर शहराला नाव याच नदीवरून मिळाले. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी हीसुद्धा उल्हासचीच उपनदी, पण कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्याने तिची जी दशा झाली आहे ती सर्वज्ञात आहे. वालधुनीच्या पाण्यावर पालेभाजी घेऊ नये, एवढेच येथे सांगतो.

आता पुराकडे. कर्जतकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस झाला तर एका हेक्टरवर १,००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी पडते. भिजून तृप्त झालेली जमीन त्यातील फार थोडे घेते. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून हे पाणी वेगाने खाली येते, पण दरीत आल्यावर उतार मंदावतो आणि वेगही मंदावतो. येणारे पाणी वेगाने आणि जाणारे सावकाश, म्हणजे पातळी वाढणारच. त्यातच खालच्या अंगाला समुद्राची भरती असेल तर कल्याणच्या बाजूला पाण्याचा निचरा आणखी अडतो. भरतीचे खारे पाणी चामटोलीपर्यंत येत नाही, पण दार अर्धवट लावलेल्या खोलीतून माणसे बाहेर पडायला वेळ लागतो, तसेच पुराचे होते.

आणखी एक गोष्ट येथील शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष अनुभवाची आहे. नदी पात्राबाहेर येण्याआधीच कित्येक खाचरांत पाणी तुंबते. डोंगराच्या बाजूने येणारे ओढे रेल्वे आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांतून नदीला मिळतात. नदीची पातळी वर असली की ओढ्याचे पाणी तिच्यात शिरत नाही, उलट मागे सरते. रेल्वेमार्ग याच सखल पट्ट्यातून, नदी आणि डोंगर यांच्या मधून गेला आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस जेथे अडकली ती जागा नकाशावर पाहिली की यात नवल वाटत नाही. २००५ च्या २६ जुलैला आणि २०२१ च्या जुलैमध्येही बदलापूर परिसरात उल्हासचा पूर आला होता. आता ओढ्यांच्या काठी भराव टाकून वसाहती उभ्या राहत आहेत. त्यांचे पाणी शेवटी कोणाच्या शेतात थांबणार, याचा विचार ग्रामसभेत व्हावयास हवा. भराव टाकणारा वर असतो, खाचर खाली.

उन्हाळ्यातील पाणी कोठून येते?

मघाशी म्हटलेले आश्चर्य ते हे. बर्फाचा आधार नसलेली, अवघी १२२ किलोमीटर लांबीची कोकणातील ही नदी मे महिन्यातही वाहती असते. शेजारच्या कित्येक नद्यांची तेव्हा डबकी झालेली असतात. या वाहत्या पाण्याचा उगम राजमाचीला नाही, तो सह्याद्रीच्या पलीकडे आहे.

मावळ तालुक्यात आंध्रा नावाची छोटी नदी आहे. निसर्गनियमाने तिचे पाणी इंद्रायणीला मिळावे, देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत जावे, उजनी, पंढरपूर करत कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला पोहोचावे. पण टाटांच्या जलविद्युत योजनेत या नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधले गेले आणि तेथील पाणी बोगद्यातून व नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, कर्जत तालुक्यातील भिवपुरीच्या वीजघरात सोडण्यात आले. हे वीजघर १९२२ साली सुरू झाले. त्याआधी १९१५ साली खोपोलीचे आणि नंतर १९२७ साली भिरा येथील वीजघर सुरू झाले. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला आणि भिऱ्याचे कुंडलिकेला मिळते. भिऱ्यासाठी बांधलेल्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून झालेला सत्याग्रह आपण शाळेत वाचला आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या मावळातील शेतकऱ्यांच्या त्यागावर कोकणातल्या नद्या बारमाही झाल्या, हे आपण खालच्या लोकांनी विसरू नये.

भिवपुरीला वीज तयार करून बाहेर पडलेले पाणी (याला अवजल म्हणतात) पेज नदीतून उल्हासला येते. वाटेत राजनाला कालव्यातून कर्जत तालुक्यातील काही गावे त्यावर उन्हाळी भात घेतात. पुढे बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यापासून कल्याणपर्यंत ठिकठिकाणी हेच पाणी उचलून शहरांना दिले जाते. त्यात बारवी धरणाचे पाणी मिसळते. हे धरण औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. अंबरनाथ-बदलापूर भागातील एखाद्या घरात सकाळी भरलेला हंडा मूळचा चंद्रभागेकडे निघालेल्या पाण्याचा असू शकतो, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

कोयनेचेही असेच आहे. कोयना धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी पोफळीच्या बाजूला उतरवले जाते आणि ते वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे नेण्याच्या पाण्यावर वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट, म्हणजे ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे.

आता यातील पेच लक्षात घ्या. दुष्काळी वर्षांत भीमा खोऱ्यातील शेतकरी म्हणतात की, आमच्या नदीचे पाणी घाटाखाली का सोडता, ते आमच्याकडे वळवा. त्यांचे म्हणणे चुकीचे कसे म्हणणार? सोलापूर जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्याच्या डाळिंबाच्या बागेला टँकर लागतो, त्याला चामटोलीच्या भाताशी काय देणेघेणे? या मागणीचा विचार करण्यासाठी शासनाने समितीही नेमली होती. दुसरीकडे, शंभर वर्षांत या अवजलावर येथे शेती उभी राहिली, शहरे उभी राहिली. ते बंद झाले तर पहिला फटका शहरांना बसेल असे वाटते, पण माझ्या मते तो शेतीला बसेल. पाणी कमी पडले की पिण्याला प्रथम प्राधान्य, आणि ते योग्यच आहे. म्हणजे नदीकाठच्या पंपाची वीज प्रथम तोडली जाणार. उलट दिशेनेही हालचाल सुरू आहे. कोकणाकडे व गुजरातकडे वाहून जाणारे पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी उचलून पूर्वेकडे नेण्याच्या योजना पुढे येत आहेत. नार-पार-गिरणा योजनेला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. नद्यांच्या दिशा एके काळी डोंगर ठरवत होते. आता धरणे, बोगदे आणि लवाद यांचाही त्यात वाटा आहे.

आपल्या खाचरात काय करावे?

उल्हासच्या खोऱ्यातील आणि अशाच इतर दऱ्यांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीची वाटणी पाण्याच्या वाटेप्रमाणे करावी. डोंगरपायथ्याच्या वरच्या खाचरांत पाणी टिकत नाही. तेथे कर्जत-३, कर्जत-७ यांसारख्या हळव्या जाती घ्याव्यात. सप्टेंबरअखेरीस पाऊस गेला तरी त्या हाती लागतात. मधल्या जमिनीत कर्जत-५ सारखी निमगरवी जात चालते. नदीलगतच्या खोलगट, पाणी साठणाऱ्या खाचरांत कर्जत-२, रत्नागिरी-२ अशा गरव्या जाती घ्याव्यात. पुरामुळे पीक आठ-दहा दिवस मागे पडले तरी सावरायला गरव्या भाताला वेळ असतो, हळव्याला नसतो. कित्येक शेतकरी सर्व खाचरांत एकच जात लावतात आणि मग वरचे वाळते, खालचे कुजते.

पूरप्रवण खाचरांसाठी रोपवाटिका करताना दहा-पंधरा टक्के रोपे जास्त ठेवावीत आणि ही राखीव रोपवाटिका उंचावर असावी, ओढ्याकाठी नव्हे. पूर ओसरल्यावर प्रथम बांध फोडून साचलेले पाणी काढावे, पानांवरचा गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन जाईल असे पाहावे. गेलेल्या चुडांच्या जागी राखीव रोपांनी नांगे भरावेत. रोपे नसतील तर जगलेल्या जोमदार चुडांतील काही फुटवे अलगद काढून लावता येतात. नत्राचा हप्ता पूर येण्याच्या बेतात असताना देऊ नये, तो नदीला दिल्यासारखा होतो. पाणी उतरून रोपांना नवी पालवी दिसू लागली की मग द्यावा.

भात निघाल्यानंतर ज्यांच्याकडे उन्हाळी पाण्याची खात्री नाही त्यांनी उल्हासच्या भरवशावर उन्हाळी भाताचे क्षेत्र वाढवू नये. वीजघर जितके चालेल तितके पाणी, हे गणित आपल्या हातचे नाही. त्यापेक्षा जमिनीतल्या ओलाव्यावर वाल घ्यावा. आपल्या भागातील कडव्या वालाला बाजारात मान आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओढ्याचा प्रवाह कमी झाला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालावा. चार-पाच शेतकऱ्यांनी एक दिवस श्रमदान केले की तो होतो आणि शेजारच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो. हे पाणी मात्र भिवपुरीचे नाही, आपल्याच डोंगरावरचे आहे, आणि ते कोणी वळवून नेणार नाही.

बदलापूर येथे उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे. पावसाळ्यात हे आकडे बातम्यांत येतात, परंतु आपल्या शेताच्या दृष्टीने त्यांचा अर्थ ज्याने त्याने लावावयाचा असतो. यासाठी एक साधा उपाय आहे. शेतातील विजेच्या खांबावर किंवा पक्क्या बांधकामावर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी कोठवर आले होते, त्या खुणा जाणत्या माणसांना विचारून रंगाने करून ठेवाव्यात. पुढच्या वेळी नदीची पातळी १६.५० मीटर झाली असे कळेल तेव्हा आपल्या खाचरात पाणी कोठे आहे ते पाहून तारीख आणि वेळ वहीत लिहावी. दोन-तीन पावसाळ्यांत आपणास कळेल की इशारा पातळीनंतर आपल्या बांधावर पाणी यायला किती तास लागतात. पंप, खताच्या गोणी आणि गोठ्यातील जनावरे हलवायला तेवढाच वेळ आपल्या हातात असतो.